एकतीसचा माल

एकतीसचा माल म्हटलं की आमच्याकडच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा चेहरा खुलतो. एकतीस म्हणजे धाग्याची लांबी, एकतीस एमएम. एवढा लांब धागा गिरणीवाले हसत घेतात. याच आकड्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली, आणि तो आकडा लांबीचा नव्हताच!

सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. वर्ध्याहून सकाळच्या एसटीनं जायचे. नागपूरच्या एका माणसानं आमच्या मालकांना, शेठजींना, प्रोग्राम बनवून दिला होता. मी रुईच्या प्रत्येक लॉटचा ओलावा टाकायचा, आणि लॉट ओला असला तर काळ्या पडद्यावर त्याची ओळ लाल व्हायची. असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे लाल काही होत नव्हतं. ओल्या लॉटच्या आधी नुसतं ←[31m उमटायचं.

शेठजींनी एकदा माझ्या खांद्यावरून ते पाह्यलं आणि खूश झाले.

"एकतीस एमएम! मशीननं चांगला माल बरोबर निवडला."

"शेठजी, ते लांबी नाई. तो लॉट ओला हाय. मी आताच ओलावा टाकला."

"तुले कापसातलं काय समजते? तू बटनं दाब."

मी दाबली. त्यांनी ते सगळे लॉट चांगल्या मालात घालून गाठी बांधल्या. गिरणीनं गाठी परत पाठवल्या, आतून ओल्या आणि पिवळ्या पडलेल्या. शेठजींनी नागपूरला फोन लावला. नागपूरचा म्हणाला, ऑपरेटरनं काहीतरी भलतं बटन दाबलं असेल. झालं! दोन पुरुषांचं एका फोनवर एकमत झालं आणि मला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको.

तरी दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. नागपूरचा येणार होता हे मला ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम गेले. घरात माझाच पगार येत होता, आणि त्याहून जास्त म्हणजे माझं डोकं फिरलं होतं.

त्यानं आपला लॅपटॉप उघडला, प्रोग्राम चालवला. ओळ लालभडक.

"देखो मॅडम, मेरे में तो लाल आ रहा है."

"तुमच्यात येऊन राह्यला. आता इथं चालवा," मी आमच्या कॉम्प्युटरवर बोट ठेवलं. "अन् बटनं तुमीच दाबा. मी हात लावत नाई."

त्यानं दाबली. ←[31m. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. मग तोंडातल्या तोंडात कबूल केलं: त्याचं मशीन लिनक्सवर चालायचं, आमचं विंडोजवर. 31m हा 'इथून लाल कर' असा हुकूम. त्याच्या पडद्याला तो कळायचा, आमचा पडदा तोच हुकूम अक्षरं समजून छापायचा. म्हणजे प्रोग्रामनं रंगवण्याआधी पडद्याला विचारायला हवं होतं की बाबा, तुला रंग समजतात का? विचारलंच नव्हतं. त्याला दिसलं ते जगाला दिसणार, हा त्याचा हिशेब. अशा माणसांचा मला आजही संताप येतो.

तिथंच बसवून मी त्याच्याकडून बदल करून घेतला. आधी विचार, रंग येत नसतील तर सरळ इंग्रजी अक्षरांत OLA लिही. शेठजींनी पडद्याजवळ डोळे नेऊन वाचलं, "ओला." मग माझ्याकडे वळले.

"अवो, मंग तू तव्हाच काऊन नाई सांगतलं?"

सांगितलं होतं! याच खुर्चीवरून, याच तोंडानं सांगितलं होतं. पण ते आठवायलाही त्यांना फुरसत नव्हती. "उद्यापासून येजो," म्हणाले आणि चहा मागवला. माफी वगैरे काही नाही.

मी गेले, पगार हवा होता. पण त्या दिवसापासून पडद्यावर OLA आलं की मी ते मनातल्या मनात वाचायचे नाही. शेठजी गादीवर कोणाशीही बोलत असोत, गिऱ्हाईक असो की पाहुणा, मी खुर्चीतून अख्ख्या जिनिंगला ऐकू जाईल अशी ओरडायचे, "ओला हाय, शेठजी! ओला!"