आधी कोण गिळतं

माझी आत्या वासराला औषध पाजते तेव्हा तिचाही घसा हलतो. वासराने एक घोट घेतला की हिचा एक घोट. वासरू अडलं की ही अडते. त्याने तोंड वाकडं केलं की हिचंही वाकडं होतं. जंताचं औषध असलं तर विचारूच नका. त्या वेळी आत्याचा चेहरा असा होतो की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाटली तिच्याच तोंडात आहे. आजूबाजूचे लोक तिला घोटबाई म्हणतात. अर्थात तिच्या पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकाडोळ्यांकडे टक लावून बघणं हाच माझा धंदा, पण ही खोड मला दुकानात लागायच्या कितीतरी आधीची आहे. लहानपणी सुट्टीत आत्याकडे गेले की मी वासरांच्या गोठ्यात जमिनीवर पालथी पडायचे आणि एकच गोष्ट निरखत राहायचे. आधी कोण गिळतं, आत्या की वासरू?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. आत्याचं म्हणणं असं की मी गिळते म्हणून ते गिळतं. लहान जीव आहे, त्याला कुणीतरी करून दाखवायला नको का? माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणायचे की वासरू आपलं आपण गिळतं आणि ही त्याची नक्कल करते. दोघं जेवायला बसले की हा विषय हमखास निघायचा आणि बघता बघता हमरीतुमरीवर यायचा. आतोबा कधी मध्ये पडले नाहीत. ते दोघांच्याही ताटात वाढायचे आणि गायींना पाणी दाखवायचं निमित्त करून उठायचे.

मला निकाल लावता आला नाही. वासराचा गळा बघावा तर आत्याचा निसटायचा, आत्याचा बघावा तर वासराचा. दोन्ही एकाच नजरेत धरायला जावं तर दोन्ही एकदमच हलल्यासारखे वाटायचे. मी डोळे चोळत उठायचे आणि आत्या म्हणायची, फ्रॉक बघ कसा केलायस.

ती पाजते कशी तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ती नुसती विक्षिप्त बाई वाटेल. आत्या आणि आतोबा गायी पाळतात आणि दूध विकतात. गायी आतोबांच्या, वासरं आत्याची, अशी त्यांची जुनी वाटणी आहे. पाजायचं वासरू ती आधी मागे मागे सरकवत कोपऱ्यात नेते, म्हणजे त्याला पळायला जागा उरत नाही. मग त्याच्या पाठीवरून पाय टाकून त्याचे खांदे गुडघ्यांत धरते. डावा हात हनुवटीखाली. ओठांच्या कडेला, जिथे दात नसतात, तिथून ती एक बोट आत घालते आणि तोंड उघडलं की बाटली गालाच्या आतल्या बाजूला टेकवते. बाटलीच्या तोंडावर रबराची नळी चढवलेली असते. थोडं ओतायचं आणि थांबायचं. वासराचं नाक त्याच्या डोळ्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण मान ताणली गेली की औषध पोटाऐवजी छातीत उतरतं. खोकला आला तर हातातलं सगळं सोडून द्यायचं, औषध सांडलं तरी चालेल.

हे थांबणं तिला फक्त वासरांपुरतं जमतं. माणसांच्या बाबतीत ती जन्माची उतावळी. समोरच्याचं वाक्य ती स्वतःच पुरं करते, बहुधा चुकीचं, आणि मग त्याच्याशीच भांडते. चहा कपात पडला की वाफेसकट पिऊन टाकते. म्हणूनच मला नेहमी वाटायचं, गोठ्याच्या त्या अर्ध्या दाराआड ती कुणी वेगळीच बाई होते.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण शुद्धीवर आल्यावर तिने घेतलेला पहिला पाण्याचा घोट भलतीकडेच गेला. ठसका लागला, श्वास अडला, नर्स धावत आल्या. दोन-तीन मिनिटांचाच खेळ, पण तेवढ्यात आत्याला बसायची ती धास्ती बसली. नाकातून नळी घालून तिला खायला घालत होते तोवर भागलं. नंतर डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि नळी काढली. आता हिने खायचं.

ती खाईना. दिवसाकाठी चार चमचे सूप, तेही कितीतरी वेळ तोंडात घोळवून. स्वतःची थुंकीसुद्धा ती गिळत नसे. कमरेला रुमाल खोचलेला असे, त्यात टाकून द्यायची. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या भेटीला पुन्हा नळी, आणि या खेपेला पोटाला भोक पाडून.

गिळायला शिकवणारी बाई असते हे मला तेव्हाच कळलं. मोठी गोड बाई होती. तिने आत्याला समजावलं की हनुवटी छातीकडे घ्या, मान वर करू नका, लहान घोट, घाई नाही. आत्या मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर बसक्या आवाजात मला म्हणाली, "ही वासरं पाळते काय गं?"

पण म्हणून तिने घोट घेतला असं नाही. घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला. आतोबा तिच्यासमोर खाईनासे झाले. तिला दिसायला नको म्हणून ते चाऱ्याच्या खोलीत डबा नेत आणि कडब्यावर बसून चोरासारखे जेवत. मी रजा काढून आले होते. मी चिडले, लाडीगोडी लावली, एकदा चक्क रडून दाखवलं. आत्या म्हणाली, "मला कळतंय सगळं. पण घसा ऐकत नाही."

अशात एका नुकत्याच जन्मलेल्या कालवडीला हगवण लागली. तांबूस रंगाची, पाय नुसत्या काड्या. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पाण्यात कालवायची पावडर दिली, पहिली बाटली स्वतः पाजून दाखवली आणि दिवसातून कितीदा द्यायची ते सांगितलं. दुपारची वेळ झाली तेव्हा आतोबा दूध पोचवायला गेलेले. घरात मी आणि आत्या. आत्याने त्या महिन्यात गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. मी पाणी कोमट केलं, पावडर कालवली, बाटली भरली आणि निघाले. इतकी वर्षं बघितलंय, त्यात काय मोठंसं, असं मला वाटत होतं.

कालवड कोपऱ्यात गेली, गुडघ्यांतही आली. बोट आत घातलं तर तिने ते चोखलंसुद्धा. मग मी घाबरून बाटली जरा जास्तच वर केली आणि बाटलीसोबत कालवडीचं तोंडही वर गेलं. ती खोकली. मी सगळं सोडून दिलं. मागून खरखरीत आवाज आला, "मान खाली. किती वेळा सांगितलं असेल तुला." आत्या अर्ध्या दाराशी उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली दिसत होती. दार ढकलून ती आत आली, माझ्या हातातली बाटली हिसकावली आणि कालवडीवर पाय टाकून उभी राहिली. हनुवटीखाली हात गेला, बोट आत गेलं, आणि तिथे ती थांबली.

"माझंच उतरत नाही," ती म्हणाली, "मग ही कशी गिळेल?"

आपण गिळतो म्हणून वासरू गिळतं, हे ती नुसतं भांडणापुरतं म्हणत नव्हती, तिचा त्यावर खराखुरा विश्वास होता, हे मला त्या क्षणी समजलं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या आधी मला दुसरंच काहीतरी वाटलं. आजवर दोन गळे एकदम हलायचे म्हणून मला उत्तर मिळालं नव्हतं. आज त्यातला एक बंद होता. मी चांगल्या कपड्यांनिशी गोठ्याच्या जमिनीवर पालथी पडले.

"काय करतेस?"

"बघते. ओत तू."

तिने थोडंसं ओतलं. कालवडीच्या गालाला फुगवटा आला. आत्याचा गळा जागच्या जागी, टाक्यांची लाल रेघ अगदी स्थिर. मग कालवडीच्या गळ्याखाली काहीतरी सरकलं आणि गाल सपाट झाला. आत्याला ते हाताला कळलं असणार. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कालवडीच्या डोक्याकडे.

"गिळलं हिने," ती म्हणाली. आवाजात आनंद थोडा आणि अपमान जास्त होता.

तिने पुन्हा ओतलं, जरा चिडूनच, कालवडीला चुकीत पकडायचं असल्यासारखं. कालवडीने तेही गिळलं. तिसऱ्या वेळी मी कालवडीकडे बघणंच सोडलं. ती लाल रेघ वर गेली आणि खाली आली. आत्याला पत्ताही नव्हता. तिचं सगळं लक्ष हनुवटीखालच्या हातात होतं. मी तोंड मिटून राहिले. बोलले असते तर तिथेच सगळं अडलं असतं. चौथा घोट, पाचवा, आणि दर वेळी आधी कालवड, मग पापणी लवेल इतक्या अंतराने आत्या. बाटली संपेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि नाकाला गवताचा भुसा चिकटला होता.

आत्याने कालवडीला सोडलं. ती दोन पावलं चालली आणि गवतावर बसली. आत्याचा हात सवयीने कमरेच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला, कारण तोंडात थुंकी उरलीच नव्हती.

"मी काय करत होते गं?"

"गिळत होतीस."

"कधीपासून?"

"तिसऱ्या घोटापासून. तिच्या मागून."

आत्या गव्हाणीच्या कडेवर टेकली. तिथूनच म्हणाली, "म्हणजे तुझा बाप खरा. त्याला सांगू नकोस." मग तिने पाणी मागितलं. मी पळत जाऊन पेला आणला. तिने तो ओठांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला. पुन्हा नेला, पुन्हा खाली. चेहऱ्यावर तीच हॉस्पिटलमधली भीती. मला वाटलं, संपलं, आता उद्यापासून पुन्हा तेच.

पण आत्या काही वेगळाच विचार करत होती. तिने पेला माझ्या हातात दिला. "तू पी," ती म्हणाली. "सावकाश. आणि मान इकडे कर."

मी एक घोट घेतला. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, मी गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघते तशी. मग तिने पेला घेतला आणि प्यायली. ठसका लागला, पण छोटा. ती थांबली, श्वास घेतला, पेला परत मला दिला. गोठ्यात बसून आम्ही दोघींनी तो पेला आळीपाळीने संपवला.

आतोबा परत आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही, कारण आत्याने डोळे वटारले होते. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे चाऱ्याच्या खोलीत जाऊन पोटभर जेवले आणि तोंड पुसत, काही खाल्लं नाही असा चेहरा करून घरात आले. आत्याने दोन ताटं मांडली होती. एकात मऊ भात, थोडासा. दुसरं त्यांचं, भरपूर वाढलेलं.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही आधी घास घ्या. मला दिसेल असा."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. ते बसले. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. आत्याने त्यांच्या गळ्यावरची नजर न काढता आपला घास गिळला. आतोबांचा हात ताटावरच राहिला. काय चाललंय ते त्यांना कळलं. त्यांनी दुसरा घास घेतला. त्यांचं ताट तिच्या आधी संपलं, तेव्हा त्यांनी अजून वाढून घेतलं. ते संपलं, तेव्हा अजून. पोटात कणभर जागा नसताना, तिच्या ताटातला भात संपेपर्यंत आतोबा जेवत राहिले.