जुनी चीर

कारखान्याच्या रस्त्यावर उसाचा ट्रक जॅकवर उभा होता. मिस्त्रीने मागचा तुटलेला अ‍ॅक्सल बाहेर ओढला, त्याचं तुटकं तोंड फडक्याने पुसलं आणि ड्रायव्हरपुढे धरलं. कडेला काळपट होतं, मधे चकचकीत.

"हा आज नाही तुटला, दादा. काळी आहे ती चीर जुनी. चकाकतंय तेवढंच आजचं."

बाजूला उभं राहून बघताना मला आक्का आठवली. आईच्या मागे आमचं सगळं घर ओढणारी माझी थोरली बहीण. गेल्या महिन्यात चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगत होतो, "अगदी अचानक गेली हो."

मिस्त्री दुसरा अ‍ॅक्सल बसवू लागला. ड्रायव्हर तुटका तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिला.

"चढाला कण्हायचा कधीकधी," तो म्हणाला. "पण गाडी चालत होती ना."