आमचे साडू आणि शिशाची गोळी

बुलढाणा जिल्ह्यात आजवर जे अपघात घडले नाहीत, त्यांपैकी निदान निम्म्यांचं श्रेय आमच्या साडूंना द्यायला हवं. देऊळघाटला त्यांची चांगली जमीन, विहिरीला पाणी, घरात कशाची उणीव नाही. पण या गृहस्थाला निवांत जेवताना मी कधी पाहिलं नाही, कारण अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. वरातीत ते घोड्याच्या मागच्या पायांपासून लांब आणि फटाक्यांच्या उलट्या अंगानं चालतात, आणि आपल्याबरोबर निम्म्या वऱ्हाडालाही तसंच चालवतात. आमच्या घरी आले की चहाच्या आधी गॅसची नळी वाकवून, हुंगून पाहतात. एकदा माझ्या नातीनं त्यांच्यावर पिचकारी रोखली. साडू जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "रिकामी हाय म्हणून कोणावर रोखाची नाई, बेटा. रिकामीच भरलेली निघते." ती भरलेलीच निघाली. पांढरा सदरा गुलाबी झाला, पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं.

अशा माणसाकडे पिस्तूल आहे, यावर माझा कितीतरी वर्षं विश्वास बसत नव्हता. शेतातल्या घरावर एकदा चोर आले, त्यानंतर त्यांनी रीतसर परवाना काढला. त्यांच्याबरोबर परवाना काढला तो त्यांच्या जानेफळच्या मित्रानं. दोघं बुलढाण्याला एकाच वसतिगृहात शिकलेले. हा मित्र म्हणजे साडूंच्या अगदी उलट: धिप्पाड, मोठ्यानं हसणारा, आधी उडी मारून मग पाणी किती ते विचारणारा. दोघांनी एकाच दुकानातून एकाच बनावटीची जुनी परदेशी पिस्तुलं घेतली आणि रविवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर जाऊन निशाणेबाजी करू लागले. मीही जात असे. कागदावर भोकं पाडण्यात मला गोडी नव्हती, पण परतताना मित्र कचोरी खाऊ घालायचा.

त्या पिस्तुलांची एक खोड होती. बहुतेक पिस्तुलांच्या नळीला आतून धारदार पीळदार खाचा असतात. यांच्या नळीला खाचा नव्हत्या, आतून ती बहुकोनी होती आणि कोपरेसुद्धा गोल, गुळगुळीत. अशा नळीतून तांब्याचं कवच असलेलीच गोळी झाडायची, उघड्या शिशाची नाही, असं बनवणाऱ्यानं बजावलेलं. साडूंना हे वाक्य पाठ होतं. मला त्यांनी ते स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. कढईला चिकटलेला पाक दाखवत म्हणाले, "शिसं असं चिकटते. एकावर एक थर. वाट बारीक होत जाते अन् मांगून दाब तेवढाच. मंग एक दिवस नळीच फुटते, हातासकट." माझी मेहुणी म्हणाली, "ती कढई घासाले टाका आता."

आणि एका रविवारी मित्र ओतीव शिशाच्या गोळ्यांची काडतुसं घेऊन मैदानावर हजर. कवचाची मिळत नव्हती, ही कुणा ओळखीच्याकडून मिळाली.

"हे चालवाची नाई," साडू म्हणाले.

"काऊन बे? सगळे चालवून राह्यले."

"त्यांच्या नळ्या वेगळ्या हायेत. तुही वेगळी हाय."

"तू तं बायकोले पोळपाटही जपून वापराले लावशीन!" असं म्हणून मित्रानं गोळ्या झाडल्या. काहीही झालं नाही. सगळे हसले, मीही हसलो. साडू दूर जाऊन गाडीतली औषधाची पेटी उघडून बसले होते.

त्यानंतर भांडण होईल असं मला वाटलं, पण साडूंनी निराळाच मार्ग काढला. दर रविवारी मित्राचं झाडून झालं की ते हात पुढे करत. "दे इकडे." पिस्तूल रिकामं असल्याची दोनदोनदा खात्री करायची, नळी काढायची, वर्तमानपत्र पसरायचं आणि पितळी ब्रशनं घासत बसायचं. कागदावर शिशाच्या करड्या खपल्या पडत. मित्र कचोरी खात चिडवायचा, "पाहा, तुह्या भीतीची भुकटी पडून राह्यली." साडू मान वर करत नसत. पावसाळा गेला, हिवाळा आला, तरी हा कार्यक्रम चालू होता. मित्राला काही होत नव्हतं, आणि साडूंचं हसं होणंही थांबत नव्हतं.

मग साडूंना ताप आला. लागोपाठ दोन रविवार ते गेले नाहीत. दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेवढ्यात मित्र थेट मैदानावरून आला. हसत नव्हता. त्यानं झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुढे केली. ती एका बाजूनं फुगून चिरली होती.

"हाताले असा हिसका बसला का मले वाटलं, गेला पंजा," तो म्हणाला.

आता 'मी म्हणत होतो ना' हे ऐकायला मिळणार म्हणून मी सावरून बसलो. साडू उठले आणि त्यांनी मित्राचा उजवा हात हातात घेतला. एकेक बोट दाबून पाहिलं. "हालवून दाखव. हे. आता हे." मग आत वळून ओरडले, "चहा टाका हो, साखर जास्त." आणि तापातच नळी काढून घासायला बसले.

बराच वेळ पाहून मित्रानं विचारलं, "इतके दिवस काई झालं नाई, ते तू साफ करत होता म्हणून का?"

"ते मले काय मालूम," साडू म्हणाले. "मी आपला घासत होतो."

त्यानंतर मित्रानं शिशाच्या गोळीला हात लावला नाही. कवचाची मिळतील तेवढीच झाडायची, आणि उरलेला वेळ झाडाखाली गप्पा. त्या दोघांचे ते रविवार मला फार आवडत.

गेल्या वर्षी मित्र गेला. सोयाबीन पाहून घरी आला, पाणी मागितलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या संपला. बातमी कळली तेव्हा साडू कितीतरी वेळ "पण कसं काय?" एवढंच विचारत राहिले.

दिवस झाल्यावर मित्राचा मुलगा पिस्तूल घेऊन देऊळघाटला आला. ते पोलीस ठाण्यात जमा करायचं होतं. "काका, एकदा पाहून घ्या," तो म्हणाला. साडूंनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी काढली आणि ओसरीच्या उजेडाकडे धरून पाहिली. आत नुसता लख्ख प्रकाश होता.

"साफ हाय," ते म्हणाले. तरी वर्तमानपत्र पसरून त्यांनी ब्रश घेतला आणि घासू लागले. कागदावर काहीच पडत नव्हतं. मुलानं हळूच घड्याळ पाहिलं, म्हणाला, "काका, ठाण्यात जायाले उशीर होईन."

साडूंनी मान वर केली नाही. "होऊ दे ना रे," ते म्हणाले. "बस जरासा."