गुरवारची सुई आन् गौराक्काची कडक भाकर

आमच्या इंजेक्शनला फ्रीज लागतो. जरा ऊन लागलं की बाद! किश्शांचं तसं न्हाय बगा. ते एस्टीच्या टपावर टाका, मे महिन्यात वाळत घाला, काय होत न्हाय. उलट उन्हानं फुगतेत. आमच्या बाकड्यावर तर इतके साठलेत की बसायला जागा न्हाय. म्हनलं, थोडे तुमच्याकडं सरकवावं.

मी बिरू. वळसंगच्या अलीकडं आमची वस्ती, मेंढरं हायत. धावी झाली, गनित सोडून. शाळंच्या पत्र्यावरनं पडलो, कशाला चढलो व्हतो ते हेडमास्तरला इचारा. पाय मोडला. ऑपरेशनच्या आदी रक्त तपासलं तर डॉक्टर म्हनले, "पाय बसवू, पण याला हिपॅटायटीस बी आहे."

माजा बाप, आबा, म्हनला, "बी? ह्या पोरानं कशातच ए काडला न्हाय!"

तवापासनं दर गुरवारी सोलापूरच्या दवाखान्यात इंटरफेरॉनची सुई. सुईच्या खोलीम्होरं एक लाकडी बाकडं हाय. त्यावर आमी तिघं. मी, टेंभुर्णीचे ट्रकवाले बशीर चाचा, आन् अक्कलकोटच्या पल्याडची गौराक्का. तिघांना बी त्योच आजार, त्येच औषद. सुई देनार पद्मा सिस्टर.

गौराक्का कडक भाकरी आन् शेंगाचटनी इकायची. लई चालायचं तिचं. पन गावात कळलं की हिला काविळीची सुई चालू हाय, आन् गिऱ्हाईक बंद! घरात सासूनं तिचं ताट येगळं, तांब्या येगळा. म्हनून गौराक्का दर गुरवारी बाकड्यावर टेकायच्या आदीच म्हनायची, "साकु!" कन्नडमदी साकु म्हंजे बास. "माज्या हातचं कोन खात न्हाय, मग मी बरी होऊन कुनाला भाकर घालू? ह्यी शेवटची सुई."

आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला साफ सांगितल्यालं, "मधेच सोडलंत तर आजवरचं सगळं वाया जाईल. लिव्हर कडक व्हायला लागलंय तुमचं."

"भाकर कडक चालती, लिव्हर न्हाय व्हय?" गौराक्का म्हनली. हसली बी. पन डोळं पुसत हसली.

मग आमी बाकड्यानं ठरवलं, काय बी होऊ दे, अक्काला पळू द्यायचं न्हाय.

*

पयल्या सुईला आबा संगट आल्ता. आबा मेंढरास्नी सोता टोचतो, त्याला सिस्टरचं पटंचना.

"बाई, असं धरत्यात व्हय? बुजंल की ते!" म्हनला, आन् मला दोन गुडघ्यात दाबून मान आवळली. मी ब्यां केलं. खरंच केलं, सवयीनं!

सिस्टरनं पोटाला सुई दिली. आबानं खिशातनं लाल रंगाची पुडी काडली, थुंकी लावली आन् माज्या कपाळावर ह्यो एवडा पट्टा वडला.

"अय्यो! हे काय?"

"टोचल्याली खून. न्हायतर कळपात कळत न्हाय, दोनदा टोचलं जातं."

सिस्टर लई हसली. फुडल्या गुरवारी नवा शिकाऊ डॉक्टर आल्ता. मी सुई घिऊन, कपाळाला पट्टा वडून भायेर बसलो, तर गड्यानं माजंच नाव परत पुकारलं! सुई भरायला निगाला. तेवड्यात सिस्टर वरडली, "थांबा सर! त्याचं कपाळ बघा की!"

तवापासनं चाचा सुई झाली की कपाळ फुडं करतेत. "आबाजान, मेरेकु बी लगाओ. रिस्क कायकू लेना?"

*

ह्या सुईची एक गंमत हाय. दुपारी घेतली की सांजच्याला असली थंडी भरती की दात वाजतेत. अंग दुकतं, ताप येतो. मॅडम म्हनत्यात, "शरीर लढतंय, घाबरू नका. तापाची गोळी घ्या, पाणी भरपूर प्या."

चाचा गुरवारी गाडीचं स्टेरिंग पोराकडं देतेत आन् सोता बाजूला बसतेत. मे महिना, डांबर चपलीला चिकटतंय, आन् चाचा केबिनमदी तीन सोलापुरी चादरी गुंडाळून! नुस्ती दाडी भायेर.

मोहोळच्या अलीकडं पोलिसानं गाडी अडवली. "ए, ह्या उन्हात चादर? काय लपवलंय आत?"

"थंडी है साब."

"थंडी? मला येडं समजतो? खोल!"

चाचांनी एक चादर खोलली. आत दुसरी. दुसरी खोलली, आत तिसरी. तिसरी खोलली तर आत चाचा, लटालटा कापतेत. पोलिसानं कपाळाला हात लावला आन् चटका बसल्यावानी मागं घेतला. लगीच सोताच्या हातानं तिन्ही चादरी परत गुंडाळल्या, पान्याची बाटली दिली.

गाडी निगाली तसा पळत आला. "चाचा! ती मधली चादर कुटं घेतली वो? डिझाईन लई भारी हाय!"

*

सुईनं डोकं बी फिरतं. म्हंजे राग येतो. चाचा म्हंजे कसा मानूस, ट्रकच्या पाटीमागं 'आधी तुम्ही' लिवल्याला! त्यो मानूस भर रस्त्यात एका म्हशीशी भांडला. खाली उतरून. म्हस रवंथ करतीय आन् चाचा हात नाचवत तिचं खानदान काडतेत. मागं गाड्यांची रांग. शेवटी म्हस उटून गेली.

मॅडमनी इचारलं, "चाचा, हल्ली मूड कसा असतो?"

"मूड एकदम ठीक है. म्हैस बदतमीज थी."

आमी खिदळलो. मॅडम न्हाय हसल्या. खुर्ची वडून म्होरं बसल्या. "आणि रडू येतं का, चाचा? उगाचच?"

चाचा हळूच म्हनले, "हौ. परसों गाडी बाजूला लावली, आन् रोया. कुछ हुआ बी नई था."

"हे औषधामुळं होतं. तुमचा कमकुवतपणा नाही. पण मला सांगायचं, लगेच." मॅडमनी गोळी लिवून दिली, घरी फोन करून चाचीला बी समजावलं. मग माज्याकडं वळल्या. "बिरू, तुला येतं का रडू?"

"यायचं की. गनिताच्या तासाला."

"आणि आता?"

"आता गनितच न्हाय!"

ह्याला मातर त्या हसल्या.

*

केस बी गळतेत. सगळे न्हाय, पन कंगवा भरून येतेत. लोक रडतेत. मी इचार केला, आयतं सामान मिळालंय, वाया कशाला घालवा?

घरनं काळ्या मेंढीची लोकर आनली, मूठभर. टोपीत कोंबली. शिकाऊ डॉक्टर तपासायला आला, तसा मी टोपीखाली हात घातला आन् किंचाळलो, "सर! गेलं वो सगळं!" आन् मूठ त्याच्या हातावर ठेवली.

गडी पांडरा फट! "हलू नकोस! हलू नकोस!" म्हनत त्योच पळाला. दोन मिंटात मॅडमला घिऊन आला. मी डोळं झाकून पडलो व्हतो. गौराक्का पदर तोंडात कोंबून बसल्याली.

मॅडमनी लोकर चिमटीत धरली. चोळली. वास घेतला.

"हं. कातरणी नुकतीच झाली दिसते."

मी एक डोळा उगडला.

"माझं माहेर सांगोल्याचं आहे, बिरू. ऊठ. तुझी सुई आज डाव्या मांडीला. आणि सिस्टर, जरा सावकाश द्या."

गौराक्का त्या दिवशी एवडी हसली की साकु म्हनायचंच इसरली.

*

पन दुसऱ्या गुरवारी परत त्येच. भाकरीचं गठुळं काकंत, कारन गिऱ्हाईकच न्हाय. "बिरू, खावा तुमी. आजच्याला साकु. मॅडमला सांगून मी जानार."

ह्या सुईनं आमची भूक मेल्याली. चहा प्याला तरी गंजका खिळा चोखल्यावानी लागतो. तरी चाचांनी एक भाकर मोडली, "देख अक्का, मैं खाताय की नई?"

"तुमाला आदीच हाय ते! तुमी खाऊन काय सिद्द होतंय?"

बरोबर हाय की राव! आमची साक्ष चालंना.

मग सिस्टर धावली. सिस्टरनं चटनी लावून अर्दी भाकर खाल्ली. "बघा अक्का, मला तर हा आजार नाही ना?"

"तुमी लस घेतल्याली."

मॅडम आल्या. त्यांनी उब्या उब्या खाल्ली, बोटं चाटली. "गौराबाई, हा विषाणू रक्तातून जातो. ताटातून नाही, भाकरीतून नाही."

"तुमी बी लस घेतल्याली, मॅडम."

मी म्हनलं, आता आपला हुकमी एक्का! आबाला बोलावलं. आबाला आजार न्हाय. आमच्या घरात लस घ्यायचा ऱ्हायलाय त्यो एकटाच, मेंढरामागं असतो म्हनून. आबानं एकावर एक तीन भाकरी हानल्या, वर ढेकर दिला.

गौराक्कानं आबाला खालनं वरपतुर बगितलं. "ह्ये दगड बी पचवतेत. ह्यांचं काय सांगता?"

आबाला लई अभिमान वाटला. पन केस आमी हारलो.

सिस्टरनं मातर जाता जाता आबाला धरून लस टोचलीच. आबा बुजला, तवा त्याची मान मी आवळली!

*

आता शेवटचा सांगतो.

एका गुरवारी गौराक्कासंगं सासू आली. वाळक्या खारकंवानी, पन आवाज डीजेचा! आल्या आल्या सिस्टरला म्हनली, "नाव काडा हिचं. घरात कामं पडल्यात. सुई घिऊन ही पडून ऱ्हाती. आज मी न्यायला आलोय."

गौराक्का खाली बगून म्हनली, "अत्ती म्हनत्यात तसंच करा. मला बी साकु झालंय." अत्ती म्हंजे सासू.

सिस्टर म्हनली, "मॅडमना विचारल्याशिवाय न्हाय जमत. त्या वार्डात गेल्यात, बसा. तुम्ही लस घेतलीय का आजी?"

"मी कशाला घिऊ? मी ताट येगळं ठेवलंय की!"

मॅडम काय येईनात. सासू बाकड्याच्या त्या टोकाला, आमच्यापासनं हातभर लांब, पदर नाकाला लावून. सकाळच्या पयल्या एस्टीनं निगाल्याली, पोटात कायबी न्हाय. चाचांनी कँटीनचा वडा आनून दिला.

"मी भायेरचं खात न्हाय."

सिस्टरनं बिस्किट दिलं.

"मी भायेरचं खात न्हाय म्हनलं की!"

मी चाचांकडं बगितलं. चाचांनी माज्याकडं बगितलं. मी गौराक्काचं गठुळं सोडलं. चटनीचा डबा उगडला. भाजल्याल्या शेंगा, लसून... सगळ्या पॅसेजमदी वास सुटला. अन्नाच्या नावानं मला मळमळत व्हतं, देवाशपत! तरी घेतली एक भाकर आन् मोडली.

कडाम!

चाचांनी बी मोडली. कडाम! डोळं मिटून चावतेत, घशाखाली उतरंना, तरी म्हनतेत, "वा! क्या चीज है!"

सासूनं आवंढा गिळला. तोंड तिकडं फिरवलं. मग हळूच हिकडं.

"वो आजी," मी म्हनलं, "ह्ये भायेरचं न्हाय. तुमच्याच चुलीवरचं हाय."

"गप रे काळतोंड्या."

तेवड्यात मॅडम आल्या. सिस्टरनं दारातनं पुकारलं, "गौराबाई! चला. सुई घ्यायची का नाव काढायचं, ते मॅडमना आत येऊन सांगा."

गौराक्का उटली. चाचा भाकर चावायचं थांबले. मी म्हनलं, "अक्का, एकदा इचार कर की." तिनं पदर नीट केला आन् दाराकडं चालली. झालं, म्हनलं, गेली आपली अक्का!

आन् मागनं आवाज आला.

कडाम!

आमी कुनीच हललो न्हाय. गौराक्का उंबऱ्यावर तशीच हुबी, पाठ आमच्याकडं. सासू चावत व्हती. सावकाश, एका बाजूच्या दातांनी. मग चटनीत बोट घातलं, चाटलं, परत घातलं. पदरानं तोंड पुसलं.

"गौरा," तिनं हाक मारली. "चटनीत मीठ कमी पडलंय गं. फुडच्या गुरवारी बगून टाक."