शालनला मी टिटवाळ्याला नेलं तेव्हा

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं तरी माझ्या देवघरात निरांजन लागत होतं ते केवळ सवयीनं. हात जोडले जायचे, तोंडानं अथर्वशीर्ष चालायचं आणि लक्ष सगळं गॅसवरच्या दुधाकडे. देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता, तो आता पडायला लागला होता. मुलगा घोडबंदर रोडला उंच इमारतीत राहतो, "आई, इकडेच ये" म्हणतो. पण डोंबिवलीतलं घर आणि ओळखीचा भाजीवाला सोडून तिथल्या बाविसाव्या मजल्यावर मी करणार काय? शेवटी भजनी मंडळातल्या एका मैत्रिणीनं मला कल्याणच्या एका महिला आधारगृहात नेलं. घरात मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका तिथे राहतात. आठवड्यातून दोन दिवस जायचं आणि पडेल ते काम करायचं, एवढंच ठरलं.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे माझ्या मनात चित्र अगदी पक्कं होतं: मी त्यांना भजनं शिकवीन, चार समजुतीच्या गोष्टी सांगेन, त्या डोळे पुसत माझे आभार मानतील. पहिल्याच दिवशी तिथल्या अधीक्षिकांनी, त्यांना सगळे ताई म्हणतात, माझ्यापुढे निवडायला मेथीच्या जुड्या टाकल्या आणि नियम सांगितले. "इथला पत्ता कुणाला द्यायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. काय झालं, कसं झालं, हे आपणहून विचारायचं नाही. आणि काकू, सल्ला द्यायचा नाही. घर सोड असाही नाही आणि परत जा असाही नाही." मी मान डोलावली. सल्ला न देता मी बसू शकत नाही, हे माझ्या सुनेला विचारलं असतं तर तिनं ताईंना लगेच सांगितलं असतं.

पुढचे काही महिने मी मेथी निवडली, लेकरांची नखं कापली, आधार कार्डाचे अर्ज भरले आणि सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहिले. आभार कुणी मानले नाहीत. कुणी दोन दिवस बोलायची आणि तिसऱ्या दिवशी ओळखही दाखवायची नाही. कुणी न सांगता निघून जायची, आणि तिच्या पोरीच्या वेण्या-फण्या केलेल्या माझ्या हाताला चुटपुट लागून राहायची. सुरुवातीला मला राग यायचा. मग एकदा ताई म्हणाल्या, "त्या तुमच्यासाठी आलेल्या नाहीत, काकू." तो टोला मला लागला आणि बरा लागला.

शालन तिथेच भेटली. हे तिचं खरं नाव नव्हे. पंचविशीची, शेलाटी, डावा हात मनगटाशी थोडा वाकडा. लग्नानंतर दोनदा घर सोडून आलेली आणि दोनदा परत गेलेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा नवऱ्यानं तो हात मोडला. आता ती तिसऱ्यांदा आली होती. कामाला वाघीण, बोलायला मुकी. मात्र मी ओवी गुणगुणले की तिचे हात थांबायचे. आणि अशातच तिच्या नवऱ्यानं आपल्या मामाकरवी निरोप धाडला: दारू सोडली आहे, न्यायला येतो. इथला पत्ता त्याला आधीच्या खेपेपासून ठाऊकच होता, म्हणून सोमवारी आधारगृहातच बैठक ठरली. जायचं की राहायचं, ते शालननं तिथे स्वतः सांगायचं होतं.

गुरुवारी तांदूळ निवडताना तिनं मला विचारलं, "काकू, मी काय करू?"

मला माझे दिवस आठवले. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सासूबाईंच्या एका बोलण्यावरून मी रुसून माहेरी ठाण्याला येऊन बसले होते. हेही हट्टाला पेटलेले. चार महिने ना पत्र, ना निरोप. आईनं मला टिटवाळ्याला गणपतीला नेलं. मोडलेलं घर तिथे सांधतं, अशी आमच्याकडची जुनी श्रद्धा. तेव्हा स्टेशनाबाहेर टांगे असायचे, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि देवळाशेजारच्या तळ्याकाठी बसून आम्ही मायलेकींनी घरून नेलेली पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. आईनं नवस बोलला. पुढच्याच रविवारी हे दारात उभे, हातात केवड्याचं पान, आणि चेहरा असा की परीक्षेत नापास झालेल्या पोराचा बरा. त्यानंतर आमचा संसार झाला तो भांडत-हसत, पण भरून झाला. त्या आठवणीत ताईंचा नियम मी साफ विसरले.

"टिटवाळ्याला जाऊ," मी म्हणाले. "नवस बोल. माझं घर सांधलं, तुझंही सांधेल."

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. मी ताईंकडे परवानगी मागितली ती फक्त दर्शनाची. नवसाचं बोलले नाही. खोटं बोलले नाही, अशी मनाची समजूत घातली. शनिवारी आम्ही निघालो. टिटवाळ्यात आता टांगे नाहीत, खाचरांच्या जागी इमारती आणि त्यांच्या गच्च्यांवर टाक्या. मी वाटभर शालनला जुना टिटवाळा दाखवत होते, जो तिला दिसत नव्हता. बैठक दोन दिवसांवर आलेली, आणि ती परत जायची तयारी मनाशी करत होती, हे मला दिसत होतं. मला त्याचा आनंद होत होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

देवळाच्या वाटेवर एक म्हातारी दुर्वा-फुलं घेऊन बसली होती. आसपासच्याच गावातली असावी, बोली आगरी. शालननं जुडी घ्यायला डावा हात पुढे केला आणि म्हातारीनं ते मनगट तसंच धरून ठेवलं.

"हात कसा मोडला गो बाय?"

"पडले," शालन म्हणाली.

"आमीपन पडायचो," म्हातारी म्हणाली.

मी पुढे सरसावले. देवाच्या दारात हे काय बोलणं, म्हणून तिला गप्प करणार होते. पण तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. म्हातारी फुलांवर पाणी शिंपडत, भाजीचा भाव सांगावा तशी बोलत राहिली. "मी इथंच नवस केलेला. नवऱ्याला चांगली बुद्धी दे. आन गेली घरी. मंग ह्या कानानं आयकू येयाचा बंद झाला. देवाला दोष नाय हां. त्यानं मना दोन पाय दिलेले, मीच उलटी चालत गेली." मग तिनं शालनचा हात सोडला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

रांगेत शालन पुढे, मी मागे. माझे कान तापले होते. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हातही उगारला नव्हता. आमचं भांडण म्हणजे दोन हट्टी माणसांचा रुसवा. तो रुसवा आणि हिचा मोडलेला हात मी एका पारड्यात घातले होते, आणि वर देवाचं नाव लावलं होतं. गाभाऱ्यासमोर आलो. शेंदराची ती ओळखीची मूर्ती, आईच्या पदराला धरून पाहिलेली. शालनच्या वतीनं बोलायचा नवस मी घरून पाठ करून आणला होता. त्यातलं एक अक्षर ओठावर आलं नाही. "चला, पुढे चला," असा पुकारा होत होता आणि मी फक्त रडत होते. ह्यांच्या जाण्यानंतर देवापुढे मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा. माझं कुणीतरी ऐकत आहे, आणि माझी चूक पोटात घालत आहे, असं मला आतून वाटलं. ते खरं की माझ्या मनाचा खेळ, ह्याची मी उलटतपासणी केलेली नाही.

संध्याकाळी मी ताईंपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही शाळेत होतात ना? एक नियम पाठ करायला किती दिवस लावता?" मी उठून पिशवी घेतली, आता इथे आपलं येणं संपलं असं धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "सोमवारी लवकर या. बैठकीच्या वेळी पोरांपाशी कुणीतरी लागेल."

सोमवारी मी पोरांपाशी बसले. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दार उघडलं, मामा आणि नवरा ताडताड जिना उतरून गेले, आणि पाठोपाठ शालन बाहेर येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसली. ती इथेच होती.

पुढे एका मंगळवारी मी टिटवाळ्याला गेले, त्या म्हातारीचे पाय धरायला. ती त्याच जागी बसली होती. तिला काहीच आठवेना. "रोज किती बाया येतात गो," म्हणाली आणि माझ्या हातात जास्वंदीची फुलं ठेवली. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून थोडा वेळ तिच्या दुर्वा निवडून दिल्या.

शालन आता ठाण्यात माजिवड्याला एका पाळणाघरात काम करते, दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. आधारगृह सोडून जाताना ती माझ्या पाया पडली, तेव्हा इतके दिवस गिळलेला प्रश्न मी विचारलाच. त्या दिवशी गणपतीकडे काय मागितलंस?

"मागितलं नाही काकू," ती म्हणाली. "मी त्याला सांगितलं, मी परत जाणार नाही. तू रागावलास तरी."

"मग?"

"मग काय? तो रागावला नाही."

मी तिला पोटाशी धरलं. जन्मभर मी देवाला काय हवं ते सांगत आले आणि त्याला भक्ती म्हणत आले. आपण चुकलो तरी तो आपला राहील, एवढा भरवसा ह्या पोरीकडून शिकले. त्या दिवशी त्यानं माझं तोंड बंद ठेवलं, ह्याबद्दल त्याचे आभार मी आता रोज मानते.