बाटलीतले नाना

चुडामण पाटलांना अमळनेरकडच्या त्या गावात कोणी नावाने हाक मारीत नसे. ते नाना. बैल घ्यायचा असो, कपाशीचं बियाणं निवडायचं असो, पोरीला धुळ्याचं स्थळ आलेलं असो, माणसं आधी नानांच्या ओट्यावर येत. नाना चहा पाजत, विषय सोडून दोन-तीन गोष्टी ऐकवत आणि मग कुठे मत देत.

त्या पावसाळ्यात एका खत कंपनीची गाडी भोंगा लावून गावात आली. गोणीभर युरियाचं काम ही एवढीशी बाटली करील, असं भोंगा सांगत होता. नॅनो म्हणजे डोळ्याला न दिसणारा कण, हेही सांगत होता. पण वारा सुटलेला, भोंगा फाटका. गल्लीतल्या बायांना ऐकू आलं ते 'नाना युरिया'.

"आपला नानानं खत शे का व हाई?"

"मंग! नाव नै ऐकं का?"

संध्याकाळपर्यंत गाडीतल्या बाटल्या संपल्या. नानांना कळलं तेव्हा ते इतके हसले की सुपारी घशात गेली. खुलासा तेव्हाच करायला हवा होता. पण येता-जाता बाया पदर सावरून म्हणत, "नाना, तुमनं खत लिधं बरं!" आणि ते कानाला गोड लागे. नाना मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

मग एक दिवस द्रौपदाबाई ओट्याशी आली. नवरा वारलेला, दीड एकर कपाशी, आणि वर्षभराचं घर त्याच कपाशीवर.

"नाना, औंदा मी गोणी आनीच नै. बठ्ठं दीड एकर वावर तुमना बाटलीवर सोडी दिधं. आते कपाशी पिवळी पडी ऱ्हायनी."

नानांचं हसू मावळलं. "बाई, ती बाटली मनी नै शे. नॅनो म्हंजे बारीक. ते खतनं नाव शे."

"मंग इतला रोज बोलनात कसाले नै?"

"गंमत वाटनी."

"तुमले गंमत, नाना. मनं वावर जाई ऱ्हायनं."

दुसऱ्या दिवशी नाना एसटीने धुळ्याला गेले. शेती शिकवणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "कण बारीक आहेत, पानातून आत जातात. पण जमिनीत द्यायचं खत सोडून चालत नाही. बाटली गोणीची बरोबरी करते का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत."

नानांनी येऊन पारावर तसंच सांगितलं. "बाटली वाईट शे असं मी म्हनत नै. चांगली शे असंबी नै. गोणी सोडू नका, इतलंच."

गावाने काय ऐकावं? नानांनी बाटलीला नावं ठेवली! ज्यांनी नानांच्या नावावर बाटली आणली, त्यांनी नानांच्याच नावावर ती उकिरड्यावर फेकली. ते कण रक्तात जातात, असं कोणी म्हणालं. झिपरूच्या म्हशीचं दूध त्यानेच आटलं म्हणे; म्हैस वावराकडे फिरकलीसुद्धा नव्हती. "मी असं म्हननू नै!" असं नाना घरोघर सांगत फिरले. लोक मान डोलवत, चहा पाजत, आणि आपलंच खरं करीत.

द्रौपदाबाईने मात्र विचारलं, "तुमी सोता काय करतस?"

"गोणी बठ्ठा वावरले. बाटली अर्धालेच. मंग दखसूत."

"मीबी तसंच करसू. पन तुमना नाववर नै. मी सोता दखसू, मना डोयाघाई."

तिने गोणी आणून टाकली. बाटली बांधाकडच्या काही ओळींनाच फवारली आणि खुणेला तिथे चिंध्या बांधल्या. कपाशीवर पुन्हा हिरवेपणा चढला. पुढे बाटलीचं काही विचारायचं असलं की बाया नानांचा ओटा ओलांडून तिच्या वावरात जाऊ लागल्या. एकदा नानाही गेले, बांधावर उभे राहिले. बाई तण निंदत होती; तिने हातातली ओळ संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

"काय व, बाटलीनी कपाशी चांगली का गोणीनी?"

"घाई नका करू, नाना. बोंडं येऊ द्या," ती म्हणाली आणि पुढची ओळ धरली.