औंढ्याचा नंदी मागे असतो

टक टक, टकटकटक, टक.

पत्र्याच्या कंपासपेटीवर दोन बोटांनी धरलेला हा ठेका. पंचाहत्तरी ओलांडली, नावं विसरतो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, पण हा आवाज कानातून गेला नाही. कुरुंद्याच्या शाळेत माझ्या बाकावर थावरू बसायचा. कविता पाठ करताना तो पेटीवर ठेका धरी. एक ओळ तो म्हणायचा, एक मी. भूगोलाच्या तासालाही त्याची बोटं थांबायची नाहीत, आणि छड्या मात्र दोघांना मिळायच्या.

थावरू जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर धान्य वाहिलं होतं, वडील कोरडवाहू शेती करत. माझे वडील तलाठी, बदली होऊन अंबाजोगाईकडून आलेले. आम्ही दोघांनी मिळून एक वही केली होती. पाठ्यपुस्तकातली आवडलेली प्रत्येक कविता तिच्यात उतरवायची, एक पान त्याच्या अक्षरात, एक माझ्या. मॅट्रिक झाल्यावर ती कोणाची, हा प्रश्न आला. ठरलं असं की एक वर्ष त्याच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. पहिली पाळी त्याची. पुढच्या महाशिवरात्रीला औंढ्याला, भर दुपारी नंदीपाशी भेटायचं आणि वही द्यायची.

मी गेलो. संध्याकाळपर्यंत देवळापुढं उभा राहिलो. तो आला नाही. घरी येऊन मी एक कार्ड लिहिलं, ‘वही तुलाच लखलाभ होवो.’ उत्तर आलं नाही. मग पोस्टात नोकरी लागली, गावं फिरलो, आणि निवृत्तीनंतर नांदेडला घर बांधलं. तांडा इथून तासा-दीड तासावर. पण वही गिळणाऱ्या माणसाकडे कशाला जायचं? आणि औंढ्यालाही नको.

आमच्या मालतीबाईंना, म्हणजे माझ्या बायकोला, मात्र मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं करायची होती. परळी झालं, वेरूळ झालं, औंढा आलं की मला काहीतरी काम निघायचं. यंदा महाशिवरात्रीची जत्रा उतरली तशी त्यांनी मला न विचारता पिशवी भरली आणि चपला दाराशी नेऊन ठेवल्या. निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नांदेडहून वसमतमार्गे औंढ्याला एसटी मिळते. माझ्या वयाला तिकीट फुकट, बायकांना अर्धं, त्यामुळे आमच्या प्रवासखर्चात चहाचाच आकडा मोठा निघाला. सकाळची गाडी धरा. फाल्गुनात गेलात तर वसमतच्या अलीकडेच खिडकीतून हळदीचा वास आत येईल. शेतात हळद शिजत असते, वाफा उठत असतात, आणि रस्त्याकडेच्या खळ्यांवर पिवळेपण इतकं पसरलेलं असतं की उन्हालाच रंग दिलाय असं वाटावं. वसमतच्या स्टँडजवळ सुशीला खाल्ला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, वर डाळ्याचं कूट आणि लिंबू. मालतीबाईंनी दुसरी प्लेट मागवली, माझ्या नावावर.

औंढ्यात सोमवार टाळा, गर्दी असते. आम्ही बुधवारी गेलो. देवळाचा खालचा भाग काळा दगडी, अंगभर नक्षी, हत्ती, देवता, वेलबुट्ट्या. वरचा भाग नंतरचा, उजळ. समोर उभा राहिलो आणि मला ती जागा लगेच सापडली. याच पायऱ्यांच्या डाव्या अंगाला मी अठरा वर्षांचा, नवा शर्ट घालून, पाय दुखेपर्यंत उभा होतो. बायकोला दाखवली. ती म्हणाली, छान, आता बाजूला व्हा, नंदी कुठंय?

तिची पद्धत आहे. आधी नंदीच्या शिंगांमधून आत पाहायचं, मगच पायरी चढायची. परळीत केलं, वेरूळला केलं. आता ती इकडं पाहते, तिकडं पाहते, नंदी काही दिसेना. मीही पाहू लागलो. शेवटी बेलाच्या माळा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मावशींना विचारलं.

मावशी माळ ओवतच म्हणाल्या, “नंदी इथं न्हाई माय. मागं हाय. देऊळ फिरलं, नंदी थितंच राह्यला.”

कीर्तनाला आलेल्या संतांना पुजाऱ्यांनी देवळामागं घालवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, ही कथा मला लहानपणापासून तोंडपाठ. गुरुजींनी सांगितली होती, थावरूनं आणि मी ऐकली होती. पण देऊळ फिरलं म्हणजे नंदी मागं राहिला असणार, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी कथेच्या गोडीतच रमलेला. त्या दिवशी जत्रेत नंदी दिसला नाही, तेव्हा वाटलं माणसांच्या आड असेल. महादेवापुढं नंदी असायचाच, त्यात बघायचं काय?

देवळाला वळसा घालून मागं गेलो. होता. तेल-पाण्यानं गुळगुळीत झालेला, शांत, देवळाच्या पाठीकडं टक लावून बसलेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या पायऱ्या दिसतात का पाहिलं; दिसत नव्हत्या. मालतीबाईंना सगळं ठाऊक होतंच. त्या आधी नंदीकडं, मग माझ्याकडं पाहत म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पुढं, तो मागं, आणि मधे महादेव.”

मग त्यांना हसू आवरेना. देवळात एवढं हसू नये म्हणून तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलतच होते. मलाही हसू आलं, आणि हसता हसता ते कार्ड आठवलं.

दर्शनाला जाताना गुडघ्यांचा विचार करा. गाभारा खाली आहे. अरुंद तोंडातून, उंच पायऱ्यांवरून, वाकून उतरावं लागतं, आत हवा दमट आणि ओली. पण पिंडीवर पाणी घातल्यावर त्या लहानशा जागेत जो आवाज घुमतो, त्यासाठी गुडघ्यांनी थोडं सोसावं. मी एरवी देवाकडं काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

संध्याकाळी तलावाकाठी बसलो. हे मात्र चुकवू नका. देवळापासून फार लांब नाही. पाणी बशीतल्या चहासारखं निवांत, पाणकावळे बुडी मारून भलतीकडेच वर येत होते, पलीकडे टेकड्यांवर ऊन उतरत होतं. शाळेत असताना असं पाणी दिसलं की आम्हाला कवितेची ओळ आठवायची. आज मला एकही आठवेना. सगळ्या त्या वहीत होत्या.

मी म्हटलं, उद्या सरळ घरी जाऊ. मालतीबाई पाण्याकडं पाहत म्हणाल्या, “अठ्ठावन्न वर्षं त्याला चोर म्हणत आलात. उद्या तांड्यावर जायचं. मला काही ते कार्ड घेऊन वर जायचं नाही.”

कार्ड मी लिहिलेलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली की माझी पापंही त्या आपलीच धरतात.

भक्तनिवासात मुक्काम केला. खोली साधी, स्वच्छ. खाली भाकरी, पिठलं, ठेचा. सकाळी वसमतला गाडी बदलून कुरुंदा, तिथून रिक्षा. तांडा आता ओळखू येत नाही. सिमेंटची घरं, दारात मोटरसायकली, अंगणात वाळणारी हळद. थावरूचं नाव विचारलं आणि तिसऱ्या घराशी आलो. सून बाहेर आली, नाव शांता. पाणी दिलं, बाजेवर बसवलं. मी नाव सांगितलं तशी तिच्या हातातला तांब्या जरा थबकला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. कार्डातला माणूस तो हाच, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

मामंजी शेतात होते. तिनं फोन लावला आणि गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलली. शाळेत असताना थावरूनं मला त्या बोलीतले चार शब्द शिकवले होते, तेवढ्यावरून कळलं की पलीकडचं उत्तर लहान होतं. शांता खाली पाहत म्हणाली, “मामंजी म्हणून राह्यले, घरी कुणी न्हाई म्हून सांग.”

मालतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो. निरोप मात्र दिला. सांगा त्याला, मी आलो होतो तेव्हाही. देवळाच्या पुढं उभा होतो. नंदी मागं असतो हे मला काल कळलं.

शांतानं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग सांगितलं की नंदी म्हटलं की मामंजी ताटावरूनसुद्धा उठतात. पत्ता ठेवा म्हणाली, पण आशा नको दाखवायला. “त्यास्नी गाडी सोसत न्हाई. दोन वर्सं झाले, वसमतबी पाह्यलं न्हाई.” मी वाणसामानाच्या चिठ्ठीमागं पत्ता लिहून दिला. निघताना तिनं पिशवीत मूठभर ओली हळकुंडं घातली, रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून.

घरी येऊन आठ दिवस झाले. हे लिहायला घेतलं तेव्हा वाटत होतं, या सहलीतून काय राहिलं याचा हिशोब मांडावा. काळा दगड राहिला, तलावाचं पाणी राहिलं, स्वयंपाकघरात हळदीचा वास राहिला. नंदीला मी फार वेळ पाहिलं होतं. तो मनात बसलाय. वाट पाहायची तर अशी, तक्रार न करता, पाठीकडं पाहत. तुम्ही औंढ्याला गेलात तर पुढून दर्शन घ्या, पण मागं जाऊन यायला विसरू नका. आणि कुणाला भेटायचं ठरवलंत तर आधी जागा पाहून या.

इथवर लिहिलं होतं. दुपारची वेळ, मालतीबाई आडव्या झालेल्या. पुढचं दार उघडंच होतं, मी त्याच्यासमोरच बसून लिहीत होतो. आणि आवाज आला, स्वयंपाकघरातून, धुणं धुतो तिकडच्या दारावरून. दूधवाला नाही, कामवाल्या बाई तर सकाळीच येऊन गेलेल्या.

टक टक, टकटकटक, टक.

मी उठलो. खुर्ची पडली ती पडूच दिली. कडी काढली.

दारात एक वाळकासा म्हातारा, पांढरं धोतर हळदीनं पिवळं झालेलं, नंतर कळलं की हळदीच्या टेम्पोत पुढं बसून नांदेडच्या बाजारापर्यंत आलेला. चेहरा गाडी लागल्यासारखा पडलेला. बगलेत मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत, पार पुढच्या उघड्या दारापर्यंत पाहिलं.

“मला वाटलंच,” तो म्हणाला, “तू पुढंच बघत बसला असशील. म्हून मागून आलो.” आणि मेणकापड माझ्या हातात दिलं. “घे. पाळी तुजी हाय.”